रिकिबीचे पट्टे

"द्यायचंच आहे तर नीट करून देऊ," दादा फोनवर म्हणाला. "तू सुट्टी काढून ये. तुझ्या वहिनीला एकटीला नाही उरकायचं."

घोडी जाणार आहे हे मला असं कळलं, खोगीर साफ करण्याच्या निमित्ताने.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. चामड्याशी माझा संबंध वर्षातून एकदाच येतो. आमचे बाबा दुसऱ्यांच्या घोड्यांची निगा राखत. वर्षातला एक दिवस घरातला सगळा साज खाली काढायचा, सुटा करायचा, धुवायचा, पुसायचा, तेल पाजायचं आणि परत जागेवर लावायचा, ही त्यांची पद्धत. ते गेल्यावरही दादाने आणि मी ती सोडली नाही. गेल्या वर्षी मात्र तो दिवस झालाच नाही, कारण गेल्या वर्षी दादा इस्पितळात होता. मेंदूत रक्ताची एक बारीकशी गुठळी अडकली होती. डावा हात आणि डावा पाय काही दिवस त्याचं ऐकत नव्हते. मग हळूहळू ऐकू लागले. तो चालू लागला, शर्टाची बटणं स्वतः लावू लागला, आणि शेवटी डॉक्टरांनी शांत घोडा असेल तर बसायलाही परवानगी दिली.

बाईसाहेबांपेक्षा शांत घोडी कुठे मिळणार? बाईसाहेब म्हणजे दादाची तांबूस घोडी. तबेल्यात सहा जनावरं आहेत, पण पाच लोकांनी सांभाळायला ठेवलेली. स्वतःची म्हणावी अशी हीच एक. दार उघडून बाजूला उभं राहिल्याशिवाय ती आत पाऊल टाकत नाही, म्हणून हे नाव. दादा तिला अहोजाहो करतो. मला नाही करत; मला तो मोजपट्टी म्हणतो. लहानपणी पावाचे दोन तुकडे सारखे आहेत की नाहीत हे मी फूटपट्टी लावून बघायचे म्हणे.

"आली मोजपट्टी!" फाटकाशीच त्याने आवाज दिला. चालत पुढे आला, माझी पिशवी घेतली, डाव्या हातात घेतली. मी त्याच्या पायांकडे बघत होते. पाय सरळ पडत होते.

"काय बघतेस? दोनच आहेत," तो म्हणाला.

"मोजून घेतले."

तो हसला, पण जरा जास्तच मोठ्याने. उद्या सकाळी पलीकडच्या तबेल्याच्या मालकीणबाई गाडी घेऊन येणार आहेत, घोडी साजासकट त्यांच्याकडे जाणार आहे, तिथे कुरण मोठं आहे, बाईसाहेबांची चैन होईल, हे सगळं त्याने मला तबेल्यापर्यंत जाताजाता सांगून टाकलं. का, ते सांगितलं नाही. मी विचारायच्या आत तो चारा बघायला म्हणून वळला.

कारण वहिनीने सांगितलं, साज ठेवायच्या खोलीत, दार लोटून घेऊन.

"वन्सं, ते परत डावीकडे कलायला लागलेत."

वहिनी मला वन्सं म्हणते आणि अहोजाहो करते. लग्नाच्या दिवशी थट्टेत सुरू झालं आणि तसंच राहिलं. पण आत्ता तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"चालताना?"

"चालताना नाही. घोडीवर. आधी मला वाटलं माझे डोळे. मग कुंपणाच्या खांबाशी ताडून बघितलं. खांब सरळ आणि हे असे." तिने हाताचा पंजा उभा धरून डावीकडे झुकवला. "दोन-तीन महिने झाले. दिवसेंदिवस वाढतंय. त्यांना स्वतःलाही कळलंय. म्हणतात, डाव्या पायाखाली रिकीब लागत नाही, पाय कुठेतरी खाली बुडतो. आणि एक दिवस उतरले ते परत बसलेच नाहीत. मालकीणबाईंना फोन केला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरांकडे जातंय कोण! म्हणतात, मला माहीत आहे ते दुसऱ्याच्या तोंडून कशाला ऐकू. दोनदा वेळ घेतली, दोनदा मोडली. माझं रडून झालं, भांडून झालं. तुम्ही सांगून बघा. तुमचं ऐकतील."

"माझं ऐकतो तो?"

"नाही ऐकत. पण तुमच्यावर ओरडत तरी नाहीत."

भीती वाटली की मी हाताला काम देते. बाह्या वर केल्या आणि बाईसाहेबांचं खोगीर खुंटीवरून उतरवलं.

ती खोली वहिनीची आहे हे कुणालाही सांगावं लागत नाही. लग्नाआधी ती औषधांच्या दुकानात होती, आणि तिथून सगळ्याला नाव लिहायची सवय घेऊन आली. प्रत्येक खुंटीखाली चिठ्ठी, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. तिच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवर 'मीठ' आणि साखरेच्या बरणीवर 'मीठ नाही' असं लिहिलंय. दादा म्हणतो, एक दिवस मी झोपलेला असताना माझ्या पाठीवर 'नवरा' लिहिशील. ती म्हणते, लिहिलंय, तुम्हाला पाठ दिसत नाही.

आम्ही जमिनीवर जुनी चादर पसरली आणि कामाला लागलो. पोटाखालून जाणारा तंग सोडला, लगाम मोहरकीपासून, म्हणजे घोडीच्या डोक्यावर चढवायच्या पट्ट्यांपासून, वेगळा केला, तोंडात जाणारी लोखंडी कडी साध्या पाण्यात टाकली. मग रिकिबीचे पट्टे: खोगिराच्या दोन्ही अंगांनी लोंबणारे दोन लांब पट्टे, ज्यांच्या टोकाला पाय ठेवायच्या रिकिबी असतात. सगळं सुटं केल्यावर खोगीर पिसं काढलेल्या कोंबडीसारखं दिसतं. एवढंसं, आणि जरा ओशाळलेलं.

"हे बघा ना," वहिनी एकदम म्हणाली. "बुरशी! अरे देवा. एवढी काळजी घेऊन बुरशी आली."

पट्ट्यांवर, विशेषतः शिवणीच्या आणि घड्यांच्या जागी, पांढरट पुटं चढली होती. बोट लावलं तर किंचित चिकट.

"चहा आहे का गरम?"

"आत्ता? चहा?"

"पिण्यापुरता नको. चमचा बुडवायला हवाय."

तिने थर्मासातून ओतून दिला. मी चमचा चहात धरला, कोरडा पुसला आणि त्याची पाठ त्या पांढऱ्या पुटावर टेकवली. उचलला तेव्हा तिथे पांढरं काही नव्हतं, फक्त चमकता डाग होता.

"गेली!"

"गेली नाही, आत मुरली. बुरशी अशी वितळत नाही. ही चरबी आहे. चामड्यात मावली नाही म्हणून थंडीत बाहेर आली." मी पट्टा दोन बोटांत वाकवून पाहिला. इतका मऊ होता की हातात लोळत होता. "किती तेल लावलंस तू याला?"

वहिनी पट्ट्याकडे बघत म्हणाली, "दर आठवड्याला."

"दर आठवड्याला? वर्षातून एकदा लावायचं ते?"

"ते इस्पितळातून आले ना, तेव्हा दिवसभर झोपायचे. सारखं जाऊन बघायचं तरी किती? जागे असले की म्हणायचे, काय बघतेस. मग मी इथे येऊन बसायची. तेलाची वाटी घ्यायची आणि चोळत राहायचं." तिने फडकं झटकलं. "माणसाला चोळू देत नव्हते, मग खोगीर चोळलं. काय चुकलं?"

"काही नाही चुकलं. त्याला जरा अजीर्ण झालंय एवढंच."

ती हसली. मला बरं वाटलं.

साफ करायला सुरुवात केली. आधी ओलसर फडक्याने धूळ, मग साबण. साबणाला पाणी जेमतेम. फेस हवा, ओल नको. बकलांच्या भोवती आणि शिवणीत जुना दात घासायचा ब्रश. तंगाच्या आतल्या बाजूला घामाच्या आणि मळाच्या काळ्या गाठी धरल्या होत्या. त्या नखाने खरवडायच्या नाहीत, साबण लावून थांबायचं, आपोआप सुटतात. या कामात मला आवडतं ते हे थांबणं. घाई केली तर चामडं लगेच ओरखडा दाखवतं. खालून साबणाचा, वरून घोड्यांचा आणि चाऱ्याचा वास येत होता आणि वहिनी बोलत नव्हती. ती बोलत नाही तेव्हा खोलीत कुणीतरी आजारी असल्यासारखं वाटतं.

दोन्ही पट्टे पुसून झाले आणि निथळायला मी ते बकलाकडून एकाच खिळ्याला अडकवले.

एकाचं टोक खाली होतं.

आधी वाटलं, बक्कल नीट अडकलं नाही. काढून पुन्हा अडकवलं. तरी खाली. जुनी वस्तू, कधीतरी एक पट्टा बदलला असेल, नव्याचं माप थोडं वेगळं असेल, असं म्हणून मी भोकं बघितली. पट्ट्यांना भोकं असतात आणि स्वार आपल्या पायाच्या लांबीप्रमाणे त्यातलं एक कायमचं धरतो. दादाचं भोक ओळखायला डोळे लागत नाहीत. वर्षानुवर्षं बक्कल बसून तिथे खोल आडवी रेघ पडली आहे, दोन्ही पट्ट्यांवर त्याच क्रमाच्या भोकावर. पण एका पट्ट्यावरची रेघ दुसऱ्यापेक्षा खाली होती. आणि त्या पट्ट्याची भोकंसुद्धा गोल राहिली नव्हती. लांबट झाली होती, झोपाळलेल्या डोळ्यांसारखी.

"वहिनी, टेप आहे?"

"काय झालं?"

"टेप दे."

मी बकलापासून रेघेपर्यंत मोजलं. मग दुसरा पट्टा मोजला. मग पहिला पुन्हा. फरक जवळजवळ दीड इंचाचा होता.

"यातला डावा कुठला?"

"हा काय, लिहिलंय की." वहिनीने लांब पट्टा उलटा केला. आतल्या बाजूला तिच्या टपोऱ्या अक्षरात पक्क्या शाईने लिहिलं होतं: डावा. दुसऱ्यावर: उजवा. "गेल्या वर्षी हे झोपून होते तेव्हा लिहिलं. म्हटलं, सगळं मलाच काढायचं-घालायचंय, जिथलं तिथे जायला हवं. इकडचं तिकडे नको व्हायला."

मी पट्टा हातात घेऊन तशीच बसून राहिले.

बाबा साफसफाई करत तेव्हा सगळे पट्टे एका ढिगात टाकत. ढीग म्हणजे ढीग. आणि लावताना हाताला येईल तो लावत. आई म्हणायची, या माणसाला डावं-उजवं कळत नाही. दादानेही पुढे तसंच केलं. कुणी कधी ठरवून काही केलं नाही. पण त्या गबाळेपणात दोन्ही पट्टे कधी या बाजूला, कधी त्या बाजूला जात राहिले, आणि जुने होत गेले ते बरोबरीने.

"वहिनी, दादा घोडीवर कुठल्या बाजूने चढतो?"

"डाव्या. सगळेच डाव्या बाजूने चढतात."

"म्हणजे चढताना सगळा भार कुठल्या पट्ट्यावर?"

"डाव्या," ती म्हणाली, आणि थांबली.

"आणि आजारानंतर कसा चढतो? पूर्वीसारखा उडी मारून?"

"कुठली उडी! रिकिबीत पाय घालतात आणि लोंबकळतात. मी श्वास धरून उभी. म्हटलं स्टूल आणते, तर डोळे वटारतात." तिचा आवाज बारीक झाला. "वन्सं, पट्टा लांबला?"

"चामडं म्हणजे आतून बारीक धाग्यांचा गुंता असतो. तेल कमी पडलं की ते धागे घासून तुटतात. जास्त झालं की एकमेकांवरून घसरतात. हा पट्टा तेलात न्हालेला. त्यावर एक माणूस रोज लोंबकळतोय. आणि हा पट्टा कायम डावीकडेच."

"कारण मी लिहिलंय."

"हो."

"म्हणजे रिकीब खाली गेली. म्हणजे पाय खाली बुडतो. म्हणजे..." ती उठलीच. "अहो! अहो, ऐकलंत का—"

मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"थांब. अजून कळलेलं नाही."

"काय कळायचं राहिलंय? दीड इंच!"

"पट्टा लांब आहे एवढंच कळलंय. तो त्यामुळे कलतो की त्याच्या डोक्यात पुन्हा काही झालंय म्हणून कलतो, हे नाही कळलं. दोन्ही असू शकतं. पट्टा लांब असूनही तो आजारी असू शकतो." मला हे बोलायचं नव्हतं, पण खरं होतं. "आत्ता सांगितलंस तर तो मुद्दाम ताठ बसेल. आपल्याला बरं वाटावं म्हणून. मग आपण कायमच्या अंधारात."

"मग?"

"आमच्याकडे तपासणाऱ्याला सांगत नाहीत, नमुना कुठल्या विहिरीचा. सांगितलं की हात चुकतो. दादाला सांगायचं नाही. पट्ट्यांची अदलाबदल करू. लांब पट्टा उजवीकडे. मग त्याला बसवू. उजवीकडे कलला तर दोष पट्ट्याचा."

"आणि डावीकडेच कलला तर?"

मी पट्ट्याकडे बघितलं. "तर निदान खरं काय ते कळेल. मग त्याला उचलून डॉक्टरांकडे नेऊ. मी नेईन."

वहिनीने मान हलवली. "मला नाही जमायचं. माझ्या पोटात राहत नाही काही. तोंडावर लगेच दिसतं."

"मग तोंड फिरवून उभी राहा."

"तोंड फिरवलं तर कलले कुठे ते कसं दिसेल?"

मी फडकं उचललं.

पट्ट्यांवरचं जादा तेल कोरड्या फडक्याने टिपून काढलं. बाकीच्या साजाला, मोहरकीला आणि लगामाला, ज्यांच्यापर्यंत वहिनीचा हात पोचला नव्हता, बोटांच्या टोकांनी थोडं थोडं तेल दिलं. तहानलेलं चामडं ते लगेच पितं, रंग गडद होत जातो आणि मग हळूहळू परत येतो. दुपारपर्यंत सावलीत वाळू दिलं. मग जोडलं. लांब पट्टा उजवीकडे, अक्षर आतल्या बाजूला. जेवताना वहिनी दादाकडे बघत नव्हती, आणि इतकी बघत नव्हती की तो म्हणाला, "काय, भांडण आहे का आपलं? मला कळवा तरी."

"काही नाही," वहिनी ताटाला म्हणाली.

"दादा," मी म्हटलं, "खोगीर तयार आहे. एकदा बसून बघ, मग दे."

"मी? कशाला? मालकीणबाई बसतील."

"सगळं सुटं करून जोडलंय. न बघता दुसऱ्याच्या हातात देणार?"

"तू आहेस की. मोजून घे."

आणि मग वहिनी बोलली. ताटाकडे बघतच. "उद्या जाणार ती. एकदा बसा."

यात तिने काहीच लपवलं नव्हतं. दादाने तिच्याकडे पाहिलं, हात धुतले आणि बूट चढवायला गेला.

तबेल्यामागे कुंपण घातलेलं गोल मैदान आहे. आम्ही दोघी कुंपणाशी उभ्या राहिलो. दादाने बाईसाहेबांच्या मानेवर हात ठेवला, कानाशी काहीतरी पुटपुटला. मग डावा पाय रिकिबीत घातला, लोंबकळला, वहिनीने श्वास धरला, आणि तो वर गेला. बसला. लगाम सारखा केला. घोडी चालू लागली.

पहिली फेरी आमच्याकडे पाठ करून होती. मला काही ठरवता येईना. त्याचे खांदे सरळ वाटत होते, मग वाटत नव्हते. वहिनीने माझा दंड पकडला होता. बोटं रुतत होती. मी कुंपणाचा एक खांब निवडला आणि दादा त्याच्यासमोरून जाण्याची वाट पाहिली. आयुष्यात पुष्कळ निकालांची वाट पाहिली आहे मी. काचेच्या नळीतल्या पाण्याचा रंग बदलतो की नाही हे बघत बसलेली आहे. पण त्या पाण्याला मी कधी राखी बांधलेली नाही, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं.

तो खांबासमोर आला.

"उजवीकडे," वहिनी कुजबुजली. "वन्सं, उजवीकडे ना? माझी उजवी कुठली?"

"ही. उजवीकडेच. थांब, अजून एक फेरी."

दुसऱ्या फेरीपर्यंत थांबावं लागलं नाही. दादाने लगाम खेचला आणि मैदानाच्या मधोमध घोडी उभी केली. चेहरा पांढराफटक.

"गेला," तो म्हणाला. "उजवाही गेला. डाव्यात आज जीव आहे, आणि उजवा पाय बुडतोय. आता दुसरी बाजू धरली." त्याने लगाम घोडीच्या मानेवर टाकला. "बोलव गं डॉक्टरांना. कुणाला बोलवायचं त्यांना बोलव."

आणि वहिनी हसायला लागली. तोंडावर पदर दाबला, तरी हसू बाहेर. मग खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली.

"वेड लागलंय का हिला?" दादा ओरडला. "माणूस मरतोय इथे!"

"तू मरत नाहीस," मी म्हटलं. कुंपणाखालून वाकून मी आत गेले. "पट्टा लांब आहे. डावा पट्टा दीड इंच लांबलाय. आम्ही दुपारी तो उजवीकडे लावला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खाली वाकून एका बाजूची रिकीब बघितली, मग दुसऱ्या बाजूची. घोडीवर बसल्याबसल्या कुणालाही असं काही नीट दिसत नाही.

"खोटं. माझ्या समाधानासाठी सांगतेस."

"मी कधी कुणाच्या समाधानासाठी काही सांगितलंय?"

मी टेप खिशातून काढून त्याच्या हातात दिला. तो उतरला, खोगिराची लोंबती झापड वर केली, एक पट्टा मोजला, घोडीला वळसा घालून दुसरा मोजला, पुन्हा पहिल्याकडे आला. आमचं घराणंच असं आहे. मग त्याने पट्टा उलटा केला, आतलं अक्षर वाचलं, आणि कुंपणाशी बसलेल्या बायकोकडे बघितलं.

"अगं, इथे 'डावा' लिहिलंयस."

"लिहिलंय."

"उजव्या बाजूला?"

"ते वन्संनी केलं!"

"म्हणजे तुम्ही दोघींनी," तो सावकाश म्हणाला, "माहीत असून, मला न सांगता, वर चढवलं. आणि बाहेर उभं राहून बघत बसलात, हा पडतो कुठल्या बाजूला. मोजपट्टी, तू मला प्रयोगातला उंदीर केलास."

"केला."

"सख्खा भाऊ!"

"सख्खा होता म्हणून तर केला. दुसऱ्या कुणाला नुसतं सांगितलं असतं."

तो चिडलेला होता, खरोखरच चिडलेला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. रागारागाने तो घोडीच्या उजव्या बाजूला गेला, बक्कल काढलं, लांब पट्टा एक भोक वर घेतला. हात थरथरत होते, पण दोन्ही सारखेच. मी बघितलं. मग तो परत चढायला निघाला आणि मध्येच थांबला.

"ते स्टूल कुठाय?" तो म्हणाला.

वहिनीने धावत जाऊन आणलं. तो स्टुलावरून चढला, पट्ट्याला भार न देता. तिसरी फेरी त्याने आमच्याकडे न बघता घेतली, ताठ, सरळ, त्या खांबासारखा. चौथी दुडक्या चालीने. पाचव्या फेरीला आमच्यासमोरून जाताना म्हणाला, "अजून किंचित उजवीकडे ओढतंय. अर्धं भोक पाडावं लागेल मध्ये." त्याचा आवाज अगदी रोजचा होता. सहाव्या फेरीला म्हणाला, "फोन करा त्या बाईंना."

"आणि डॉक्टर?" मी विचारलं. "पट्टा सापडला म्हणून ते सुटत नाही. उद्याच जायचं."

"जाऊ की! आता जायला काय झालंय?"

या माणसाने दोनदा वेळ मोडली होती.

मालकीणबाईंना वहिनीने फोन केला. त्यांचा आवाज मोठा, मला पलीकडून स्पष्ट ऐकू येत होता.

"म्हणजे गाडी आणू नको?"

"नका आणू. रागावू नका. ते असं झालं, की आमचा एक पट्टा लांबला होता."

"रिकिबीचा? अहो, मग अदलाबदल नाही करत तुम्ही? आमच्याकडे दर साफसफाईला करतात. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. नियमच आहे."

"मग आधी सांगायचं होतं हो!"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही घोडी घ्या म्हणालात, मी घेते म्हटलं." मग थोडं थांबून, "घोडी चांगली आहे हो. मी खोली झाडून ठेवली होती तिच्यासाठी. जाऊ दे. बरे आहेत ना ते?"

"बरे आहेत," वहिनी म्हणाली. फोन ठेवून तिने तेच पुन्हा एकदा म्हटलं, या वेळी कुणालाच नाही.

दादा मैदानाचं फाटक उघडून बाहेर गेला होता, तबेल्यामागच्या कच्च्या रस्त्याने. आजारानंतर तो तिकडे एकटा गेला नव्हता. वहिनी बरोबर चालायची. आताही तिने दोन पावलं टाकली. मग थांबली. बाईसाहेबांची शेपटी झाडांमागे जाईपर्यंत उभी राहिली आणि परत साजाच्या खोलीत आली.

"तुम्ही आवरा, मी आलेच," ती म्हणाली आणि घोड्यांच्या जाड घोंगड्यांच्या थप्पीवर टेकली. मी फडकी पिळत होते, साबणाचं झाकण शोधत होते. काहीतरी विचारायला वळले तर ती झोपली होती. भर दुपारी, पायातल्या चपलांसकट, तोंड किंचित उघडं टाकून. हातात अजून ओला ब्रश. मी तो हळूच काढून घेतला.

बाकीचं मी एकटीनेच आवरलं. साबण डब्यात, ब्रश धुऊन त्याच्या चिठ्ठीपाशी, फडकी दोरीवर. ऊन दारातून आत येऊन परत मागे सरकलं तेव्हा टापा ऐकू आल्या. दादा दारात उभा राहिला. घामाघूम, केसांत कुठलंसं पान.

"अगं, कुठे आहेस? त्या ओढ्यापर्यंत—"

मी तोंडावर बोट ठेवलं.

त्याने वाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बाईसाहेबांना दोन पावलं मागे घेतलं, बाहेरच उभं केलं, आणि बकलाचा आवाज होऊ नये म्हणून ते तळहातात घट्ट धरून तंग सोडायला लागला.